दृश्य ध्वनिप्रोग्रामिंगमधील विलंब व कालदोष

पडद्यावर खोके मांडून आणि ते दोऱ्यांनी जोडून ध्वनियंत्रणा उभी करण्याच्या पद्धतीत (उदा., मॅक्स व प्युअर डेटा या आज्ञावल्या) कृती व आवाज यांमध्ये पडणारे अंतर, ठोक्यांमधील अनियमितता आणि हे दोष शोधण्याच्या रीती. अंतर पडण्याला विलंब किंवा लेटन्सी, तर ते अंतर कमीजास्त होत राहण्याला जिटर म्हणतात. बोलताना दोन्हींना ‘आवाज मागे पडतो’ असेच म्हटले जाते. प्रत्यक्षात एकावरचा उपाय दुसऱ्याला सहसा लागू पडत नाही.

या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज व एल. रॉस्लर यांनी प्रकाशलेखणीने पडद्यावर आलेख काढून संगणकाकडून ध्वनी निर्माण करवण्याची रीत १९६८ मध्ये मांडली, आणि कालक्रमाने पाहता तिला अग्रमान द्यावा लागेल. परंतु तेथे रेखाटली जात होती ती स्वररचना. ध्वनियंत्रणेची जोडणी नव्हे. सुटे ध्वनिघटक जोडून वाद्य बनवण्याची कल्पना मॅथ्यूज यांच्याच म्युझिक मालिकेतील आज्ञावल्यांत सु. १९६० पासून आढळते, मात्र ती मजकुराच्या रूपात. या नोंदीचा विषय काळ हा असल्याने येथे मिलर पकेट यांच्या मॅक्स या आज्ञावलीपासून सुरुवात करणे अधिक सयुक्तिक वाटते. पॅरिसच्या इरकाम संस्थेत १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती तयार झाली. जुझेप्पे दी जुन्यो यांच्या फोर-एक्स या ध्वनिप्रक्रिया करणाऱ्या यंत्राचे नियंत्रण करणे हे तिचे आरंभीचे काम होते, आणि खोके-दोऱ्यांचे रूप तिला नंतर आले. फिलिप मानूरी यांच्या ‘प्ल्युतों’ (१९८८) या पियानोरचनेत तिचा वापर झाला. घटना ठरल्या क्षणी जाग्या करण्याची तिची कल्पना मॅथ्यूज यांच्या आरटीस्केड या आज्ञावलीकडून आली, असे पकेट यांचे स्वतःचे कथन आहे. आज्ञावलीचे नावही मॅथ्यूज यांच्यावरूनच पडले. खोके व दोऱ्या यांपेक्षा हे नियोजनतंत्रच तिचे खरे वैशिष्ट्य मानावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. प्युअर डेटा ही पकेट यांची मुक्त आज्ञावली १९९६ च्या सुमारास आली. मॅक्सला ध्वनिप्रक्रियेची जोड देणारे एमएसपी (१९९७) तिच्याच ध्वनिविभागावर आधारलेले आहे. त्यामुळे पुढील विवेचन प्युअर डेटाला धरून केले असले, तरी त्यातील बराच भाग मॅक्सलाही लागू पडतो.

पॅचमध्ये, म्हणजे खोके (ऑब्जेक्ट) व दोऱ्या यांच्या जोडणीत, काळ दोन प्रकारे चालतो. संदेश ठरलेल्या क्षणी सुटतात आणि त्यांचा हिशोब तार्किक काळात ठेवला जातो. हा हिशोब काटेकोर असतो, त्यात चूक साठत नाही. ध्वनी मात्र ६४ नमुन्यांच्या (नमुना म्हणजे ध्वनीचे एका क्षणाचे मोजमाप) ठोकळ्यांनी (ब्लॉक) पुढे सरकतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने एक ठोकळा १.४५ मिलिसेकंदांचा होतो. संदेश अचूक क्षणी सुटला तरी ज्या ध्वनि-ऑब्जेक्टला तो मिळतो, ते सामान्यतः पुढच्या ठोकळ्याच्या आरंभीच हलते. मेट्रो हा ठोके देणारा ऑब्जेक्ट १०० मिलिसेकंदांवर लावून त्याने लाइन~ (एका मूल्यापासून दुसऱ्यापर्यंत हळूहळू सरकणारा ऑब्जेक्ट; ~ ही ध्वनि-ऑब्जेक्टची खूण) सुरू केली, असे समजू. १०० मिलिसेकंद म्हणजे ४,४१० नमुने, म्हणजेच ६८.९ ठोकळे. ठोकळा अर्धा वापरता येत नाही, म्हणून दर ३२ अंतरांपैकी २९ अंतरे ६९ ठोकळ्यांची (१००.१ मिलिसेकंद) आणि ३ अंतरे ६८ ठोकळ्यांची (९८.७ मिलिसेकंद) पडतात. एवढा फरक तालात कोणाच्या लक्षात येत नाही. पण ध्वनिकण (आवाजाचे अगदी छोटे तुकडे) पेरण्यासाठी हाच मेट्रो ५ मिलिसेकंदांवर आणला, की अंतरे ४.३५ व ५.८० यांमध्ये उड्या मारू लागतात आणि जो स्वर स्वच्छ यायला हवा तो खरखरीत येतो. येथे साउंड कार्डाचा बफर (ध्वनी तात्पुरता साठवणारी जागा) कितीही लहान केला तरी काही साधत नाही. लाइन~ च्या जागी व्हीलाइन~ घालावी लागते. ती संदेशाचा तार्किक क्षण वाचून ठोकळ्याच्या मध्येही सुरू होऊ शकते. ध्वनिमुद्रित तुकडा वाजवणारे टॅबप्ले~ देखील ठोकळ्याच्या सीमेवरच सुरू होत असल्याने, काटेकोर कामासाठी व्हीलाइन~ ने टॅबरीड४~ (तक्त्यात साठवलेला ध्वनी वाचणारा ऑब्जेक्ट) चालवण्याचा प्रघात आहे.

ठोकळ्याचा दुसरा परिणाम प्रत्याभरणात (फीडबॅक) दिसतो. डिलराइट~ मध्ये लिहिलेला ध्वनी डिलरीड~ ने वाचून पुन्हा त्यातच सोडला, तर त्या फेऱ्याला किमान एक ठोकळा लागतोच. छेडलेल्या तारेचा आवाज अशा फेऱ्यातून काढणाऱ्याला त्यामुळे ४४,१०० भागिले ६४, म्हणजे सुमारे ६८९ हर्ट्झच्या वर जाता येत नाही. षड्ज २७७ हर्ट्झचा धरल्यास तार ऋषभ निघतो, तार शुद्ध गंधार (सु. ६९३ हर्ट्झ) थोडक्यात हुकतो. लेटन्सीचे सेटिंग कमीजास्त करून हा गंधार मिळत नाही. तो फेरा उप-पॅचमध्ये हलवून तेथे ब्लॉक~ ने ठोकळा लहान करावा लागतो. ठोकळा एका नमुन्यापर्यंतही आणता येतो, पण प्रक्रियकावरचा भार त्या मानाने वाढतो. फेरा नसलेल्या साध्या विलंबात लिहिणारा ऑब्जेक्ट वाचणाऱ्याच्या आधी चालला, तर हा किमान विलंबही टळतो. हा क्रम दोऱ्यांवरून ठरतो, खोके पडद्यावर कोठे ठेवले आहेत यावरून नव्हे. दोरीशिवाय ध्वनी पोचवणाऱ्या सेंड~ व रिसीव्ह~ यांच्या जोडीतही असाच एक ठोकळा नकळत शिरू शकतो.

विलंब वाटणारा एक दोष मुळात क्रमाचा असतो. बहुतेक ऑब्जेक्टांचे डावे मुख ‘गरम’ असते, म्हणजे तेथे संदेश येताच उत्तर बाहेर पडते. उजवी मुखे फक्त मूल्य साठवतात. एका निर्गमातून दोन दोऱ्या काढल्या आणि डावी आधी जोडलेली असली, तर जुन्या मूल्याचाच स्वर वाजतो आणि नवे मूल्य पुढच्या ठोक्याची वाट पाहत राहते. प्युअर डेटात हा क्रम दोऱ्या कोणत्या क्रमाने जोडल्या यावर अवलंबून असतो व तो पाहून कळत नाही. मॅक्समध्ये तो पडद्यावरील जागेनुसार उजवीकडून डावीकडे असतो. परिणामी एखादा खोका नुसता सरकवला तरी पॅचची वागणूक बदलते. दोन्हीकडे ट्रिगर (संदेश ठरावीक क्रमाने सोडणारा ऑब्जेक्ट) हाच उपाय. ओळखण्याची खूण सोपी आहे: लय बदलून पाहावी. लयीबरोबर मागे पडणेही कमीजास्त झाले तर दोष क्रमाचा. मिलिसेकंद तेवढेच राहिले तर बफराचा किंवा विश्लेषणाच्या खिडकीचा (एका वेळी तपासल्या जाणाऱ्या नमुन्यांच्या तुकड्याचा). आवाजाची पातळी मोजणारे एन्व्ह~ १,०२४ नमुन्यांची खिडकी घेऊन येते, म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद तेथेच जातात.

यंत्रणेचा बाह्य विलंब अंदाजाने सांगू नये, मोजावा. साउंड कार्डाचा निर्गम केबलने त्याच्याच आगमाला जोडावा. एकाच बँगने (‘चालू हो’ एवढेच सांगणाऱ्या संदेशाने) टिचकी सोडावी आणि टॅबराइट~ ने तक्त्यात मुद्रण सुरू करावे. ४८,००० च्या दराला टिचकी १,१०४ व्या नमुन्यावर उमटली, तर जाण्यायेण्याचा विलंब २३ मिलिसेकंद. २५६ चे दोन बफर यातील १०.७ मिलिसेकंदांचाच हिशोब देतात. उरलेले रूपांतरक, ड्रायव्हर आणि प्युअर डेटाच्या सेटिंगमधील ‘डिले’ यांत शोधावे लागतात. मिडी (वाद्य व संगणक यांच्यात संदेश पाठवण्याची पद्धत) कीबोर्ड असल्यास पारंपरिक केबलवर तीन बाइटांच्या प्रत्येक संदेशाला सु. १ मिलिसेकंद वेगळा लागतो.

किती विलंब चालेल, याबाबत डेव्हिड वेसल व मॅथ्यू राइट यांनी २००२ मध्ये सुचवलेली १० मिलिसेकंदांची मर्यादा आणि १ मिलिसेकंदापर्यंतचा जिटर हे प्रमाण बरेच रूढ आहे. अर्थात गायकापासून दीड मीटरवर बसलेल्या तबलजीचा बोलही ४.४ मिलिसेकंद उशिरानेच पोचतो. स्थिर विलंबाशी वादक जुळवून घेतो, डळमळत्या विलंबाशी जुळवणे अवघड जाते. म्हणून वरील दोन मर्यादांपैकी जिटरच्या आकड्याला अधिक वजन द्यावे.

अधूनमधून फटफट आवाज येणे हे वेगळे लक्षण आहे: ठोकळा वेळेत तयार झाला नाही. साउंडफायलरने (फाइल तक्त्यात भरणाऱ्या ऑब्जेक्टने) मोठी फाइल वाचणे, प्रिंटचा (संदेश पडद्यावर छापणाऱ्या ऑब्जेक्टचा) भडिमार, मोठ्या तक्त्याचे सतत पुनर्रेखाटन ही त्याची नेहमीची कारणे. फाइल वाजवायची असेल तर रीडएसएफ~ बरे. ते वाचन वेगळ्या धाग्यावर (थ्रेड), म्हणजे ध्वनीचे काम न अडवता, करते. मॅक्समध्ये ओव्हरड्राइव्ह (वेळेच्या संदेशांना अग्रक्रम देणारे सेटिंग) चालू करून ‘शेड्यूलर इन ऑडिओ इंटरप्ट’ निवडल्यास संदेशांचे काम प्रत्येक सिग्नल व्हेक्टरच्या (मॅक्समधील ठोकळ्याच्या) आधी उरकले जाते आणि जिटर आटोक्यात येतो.

कार्ला स्कॅलेटी यांच्या कायमा या दृश्य ध्वनिप्रणालीमध्ये ध्वनिप्रक्रिया संगणकाबाहेरील स्वतंत्र यंत्रावर चालते, त्यामुळे वरील आकडे तेथे तसेच्या तसे लावता येत नाहीत.