फ्लॅपची दांडी आणि फ्लॅपचा काटा

विमानाचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे, खाली झुकणारे भाग) कशासाठी असतात आणि वेगमापकावरचा पांढरा पट्टा, म्हणजे फ्लॅप उतरवून उडायचा वेग, कुठे संपतो, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. ‘फ्लॅप ट्वेंटी सेट’, म्हणजे फ्लॅप वीस अंशांवर आले, असं म्हणणाऱ्याला मी ‘कशावरून?’ असं विचारतो, आणि तो दांडीकडे बोट दाखवतो.

ही सवय कुठून आली तेही कळतं. पायपर चेरोकी किंवा वॉरियर या छोट्या विमानांमध्ये दोन सीटच्या मधे हाताने ओढायचा लिव्हर असतो. त्याला ०, १०, २५ आणि ४० अंशांच्या खाचा आहेत. लिव्हर थेट फ्लॅपला जोडलेला असल्यामुळे तो जिथे, फ्लॅपही तिथेच, आणि वेगळ्या काट्याची गरज पडत नाही. नवशिक्याला शिकवायला मला आजही हीच व्यवस्था सगळ्यात आवडते, कारण फ्लॅपवर येणारा हवेचा जोर थेट हाताला कळतो. सेसना १७२ मध्येही सुरुवातीला असाच लिव्हर होता. १९६५च्या मॉडेलपासून विजेची मोटर आली आणि दांडी व फ्लॅप यांचं नातं बदललं.

आताच्या १७२ मध्ये पॅनेलवर एका उभ्या फटीत छोटी दांडी असते. दहा आणि वीसला अडथळे आहेत, दांडी उजवीकडे सरकवून ते ओलांडायचे. फटीच्या डाव्या कडेला अंशांची पट्टी आणि एक बारीक काटा असतो. दांडी आणि काटा बोटभर अंतरावर आहेत, आणि सगळा घोळ इथेच होतो. दांडी म्हणजे तुम्ही मोटरला दिलेला हुकूम. वीसवर नेली की तिच्यामागचा स्विच जोडला जातो आणि मोटर फिरू लागते. फ्लॅप खाली येताना एक केबल ती हालचाल परत पॅनेलपर्यंत आणते. तीच काटा हलवते, आणि फ्लॅप वीसला पोचला की स्विच तोडून मोटर थांबवते. म्हणजे दांडी काय मागितलं ते सांगते, काटा काय मिळालं ते सांगतो. सगळं ठीक असतानाही दोघांत काही सेकंदांचा फरक असतो, आणि वीज गेली तर हा फरक मिटतच नाही.

एकदा माझ्या शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाताना) दहा, बेसला (तिच्याकडे वळल्यावर) वीस आणि फायनलला (तिच्या सरळ रेषेत उतरताना) तीस असं व्यवस्थित म्हणत दांडी तीन वेळा खाली केली. विमान काही मंदावेना, नाक नेहमीपेक्षा वर, आणि तो ट्रिमशी, म्हणजे नाक वर-खाली राखायच्या चाकाशी, झगडतोय. काटा सर्किटभर, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या त्या सगळ्या फेरीत, शून्यावर होता. पॅनेलवरचा ‘फ्लॅप’ लिहिलेला १० अँपियरचा ब्रेकर बाहेर आला होता, म्हणजे मोटरची वीजच तुटली होती. आम्ही लांब तरंगत उतरलो. धावपट्टी पुरेशी होती म्हणून निभावलं. त्याने प्रत्येक वेळी दांडीचा आकडा वाचला होता, तोही अगदी बरोबर.

उलटा प्रकार जास्त भीतिदायक आहे. गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढताना, तीसवरून ताबडतोब वीसवर यायचं असतं. दांडी वर केली आणि फ्लॅप तीसलाच अडकला, तर विमान चढायला कुरकुरतं. ज्याची नजर दांडीवर आहे तो कारण इंजिनात शोधत बसतो.

जमिनीवर हाच घोळ माणसाला इजा करू शकतो. मास्टर स्विच (विमानाची वीज चालू-बंद करणारा) बंद असताना कुणाचा तरी हात लागून दांडी हलते. फ्लॅप जागचा हलत नाही, पण हुकूम तसाच ताटकळत राहतो. मग कुणी मास्टर चालू केला की फ्लॅप लगेच चालू लागतो, आणि तेव्हा पंखाखाली कुणीतरी इंधनाचा नमुना काढायला कप धरून उभा असू शकतो. म्हणून मास्टरला हात लावण्याआधी दांडी आणि काटा जुळतात का ते बघा, आणि पंखाजवळ कुणी आहे का तेही.

डायमंड डीए-४० मध्ये काट्याऐवजी तीन दिवे आहेत: वर, टेकऑफ आणि लँडिंग. दोन दिवे एकदम लागले तर फ्लॅप त्या दोहोंच्या मधे आहे. इथे स्विच म्हणजे दांडी आणि दिवे म्हणजे काटा, एवढं लक्षात ठेवलं की झालं. अंश, टक्के की नावं, यावर लोक उगाच वाद घालतात. ज्या विमानाचं जे मॅन्युअल, त्यातलं ते.

काट्याचीही एक मर्यादा आहे, आणि ती फार कमी जण सांगतात. १७२ मध्ये मोटर एकच, उजव्या पंखात. डावा फ्लॅप केबलने तिच्याशी जोडलेला, आणि पॅनेलवर दोघांसाठी मिळून काटा एकच. जोडणारी केबल तुटून एक फ्लॅप खाली आणि दुसरा वर राहिला, तर हा काटा तुम्हाला ते सांगू शकणार नाही. विमान एका बाजूला कलू लागेल तेव्हाच कळेल. सेसनाचे पंख वर असल्यामुळे मान वळवली की दोन्ही फ्लॅप खिडकीतून दिसतात. आधी डावीकडे बघा, मग उजवीकडे.