सुख आपल्या हाती की दैवाच्या? एका ग्रीक वादाची पार्श्वभूमी

माणसाने अखेर कशासाठी जगावे, या प्रश्नाला प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांचे उत्तर बहुतांशी एकच होते: सुखासाठी. सुख या शब्दाने त्यांना बहुधा सबंध आयुष्य चांगले जगून होणे अभिप्रेत असे. खरा वाद होता तो हे सुख माणसाच्या हाती आहे की दैवाच्या, याविषयी. आणि त्याची मुळे तत्त्वज्ञानाच्या पहिल्या विद्यापीठांहूनही जुनी आहेत.

इ.स.पू. पाचव्या शतकातील इतिहासकार हिरोडोटस याने सांगितलेली एक कथा येथे महत्त्वाची आहे. आजच्या तुर्कस्तानातील लिडिया या राज्याचा अतिश्रीमंत राजा क्रीसस अथेन्सचा कायदेकार सोलोन याला आपला खजिना दाखवून विचारतो, की जगात सर्वांत सुखी कोण. सोलोन नाव घेतो ते टेलस नावाच्या एका अथेन्सवासीयाचे, ज्याची मुले गुणी निघाली, नातवंडे सगळी जगली, आणि जो आपल्या नगरासाठी लढताना मरण पावला. सत्तर वर्षांच्या आयुष्याचे सोलोन २६,२५० दिवस मोजतो आणि त्यांतला एकही दिवस दुसऱ्यासारखा नसल्याने मृत्यूपूर्वी कोणालाही सुखी म्हणू नये, असे बजावतो. पुढे क्रीससचा मुलगा अपघाती मरतो आणि राज्यही इराणच्या सायरसकडे जाते. सोलोन आणि क्रीसस यांच्या काळाचा मेळ बसत नसल्याने अनेक अभ्यासक ही भेट काल्पनिक मानतात. तरीही पुढची चर्चा या कथेला टाळून गेली नाही.

सॉक्रेटीसने याच्या अगदी उलट टोक गाठले. इ.स.पू. ३९९ मध्ये मृत्युदंड ठोठावणाऱ्या न्यायसभेपुढे, सज्जन माणसाचे जिवंतपणी किंवा मरणानंतर काहीच वाईट होऊ शकत नाही, असे तो म्हणाल्याचे त्याचा शिष्य प्लेटो याने लिहून ठेवले आहे.

ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२) या दोन टोकांमध्ये वाट काढली. सद्गुणांना अनुसरून, आयुष्यभर टिकणारी कृतिशीलता हेच सुख, असे त्याने ठरवले. पण त्यासाठी मित्र, पुरेसे धन, चांगली संतती यांचीही गरज असते, हे त्याने मान्य केले. सोलोनचा प्रश्न तो नाव घेऊन विचारात घेतो आणि म्हातारपणी मुले आणि नगर दोन्ही गमावलेल्या ट्रॉयच्या राजा प्रायमसारखी वेळ ज्याच्यावर आली त्याला कोणी सुखी म्हणणार नाही, असे सांगतो. चाकाला बांधून छळल्या जाणाऱ्या माणसालाही, तो सज्जन असेल तर, सुखी ठरवणारे निरर्थक बोलतात, हे त्याचे विधान मला त्याच्या प्रामाणिकपणाची खूण वाटते. कारण आपला सिद्धान्त निर्दोष दिसावा म्हणून त्याने माणसाचे दुःख नाकारले नाही.

त्याच्यानंतरच्या पिढीला मात्र हे उत्तर पुरेसे वाटले नाही. इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर मरण पावल्यावर सामोस बेटावरून अथेन्सच्या वसाहतकऱ्यांना हुसकावण्यात आले, आणि त्यांत तत्त्वज्ञ एपिक्युरस याचे कुटुंबही होते. पुढे अथेन्समध्ये त्याने एक बाग घेऊन आपला संप्रदाय वसवला, जिथे स्त्रियांना आणि गुलामांनाही प्रवेश होता. एपिक्युरस म्हणजे खा-प्या-मजा करा, हा समज त्याच्यावर अन्याय करणारा आहे. भुकेल्याला साधी भाकरी आणि पाणीही परम सुख देते, असे तो लिहितो. गरजा इतक्या कमी कराव्यात की दैवाला हिरावून घेण्याजोगे फारसे काही उरू नये, हा त्यामागचा हिशेब होता. मूत्रमार्गाच्या असह्य वेदनांत लिहिलेल्या अखेरच्या पत्रात, जुन्या संवादांच्या आठवणीने मिळणारा आनंद या वेदनांना पुरून उरतो, असे तो एका मित्राला कळवतो. त्याच शहरात झेनोने स्थापलेल्या स्टोइक पंथाचे अनुयायी सुखासाठी केवळ सद्गुण पुरेसा आहे, असे शिकवत होते. सुखाच्या स्वरूपाविषयी या दोन्ही पंथांचे हाडवैर होते; पण ज्ञानी माणूस छळ सोसतानाही सुखी असतो, हे ॲरिस्टॉटलने नाकारलेले मत दोघांनीही स्वीकारले.

पुढे रोममध्ये हा वाद वक्ता आणि राजकारणी सिसेरो यानेही हाती घेतला. इ.स.पू. ४५ मध्ये त्याची लाडकी मुलगी टुलिया वारली, आणि त्यानंतरच्या महिन्यांत त्याने ‘टस्क्युलम येथील संवाद’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या पाचव्या भागात सिसेरो सद्गुण एकटाच सुखाला पुरेसा आहे, असा पक्ष मोठ्या हिरिरीने मांडतो. मात्र दैवाने आपल्यावर केलेले आघात आठवले की या मतावरचा आपला विश्वास कधी कधी डळमळू लागतो, अशी कबुली त्याने त्याच भागाच्या आरंभी दिली आहे.