सारा ऑसबर्न्स वर्ल्ड

अमेरिकन धर्मेतिहासकार कॅथरिन ब्रेकस यांचा अभ्यासग्रंथ. येल विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. अठराव्या शतकातील न्यूपोर्ट (ऱ्होड आयलंड) या बंदरातील एका गरीब शिक्षिकेच्या वह्या हा त्याचा आधार आहे.

सारा ऑसबर्न (१७१४–१७९६) लंडनमध्ये जन्मली आणि लहानपणीच अमेरिकेत आली. खलाशी असलेला पहिला नवरा समुद्रावर वारला, एकुलता मुलगा अकराव्या वर्षी गेला. दुसऱ्या नवऱ्याचे दिवाळे निघाले, तेव्हा शाळा चालवून तिनेच संसार ओढला. या सगळ्यात ती लिहीत राहिली. रोजनिशी, पत्रे, आत्मकथन मिळून तिची दोन हजारांहून अधिक हस्तलिखित पाने आज उरली आहेत. रोजनिशीत ती थेट देवाशी बोलते. जुन्या वह्या पुन्हा वाचून त्यांत नव्या नोंदीही करते.

‘अनुभव’, ‘पुरावा’, ‘खात्री’ हे शब्द तिच्या लिखाणात वारंवार येतात. ब्रेकस यांचे मुख्य प्रतिपादन यावरच उभे आहे : इव्हँजेलिकल पंथ (व्यक्तिगत धर्मानुभव आणि अंतःकरणाचे परिवर्तन यांवर भर देणारा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती प्रवाह) प्रबोधनयुगाशी, म्हणजे अठराव्या शतकातल्या बुद्धिवादी विचारयुगाशी, भांडला खरा, पण अनुभवाला प्रमाण मानण्याची दृष्टी त्याने त्याच युगाकडून घेतली. धर्मगुरूंच्या प्रवचनांऐवजी एका बाईच्या वह्यांतून हे दाखवणे, हे या ग्रंथाचे खरे बळ.

१७६६–६७ मध्ये साराच्या घरी प्रार्थनेसाठी आठवड्याला पाचशेच्या वर माणसे येऊ लागली. रविवारी संध्याकाळी कृष्णवर्णीय, त्यांतले बरेच गुलाम, जमत. स्त्रीने एवढे पुढे यावे हे तिचे स्नेही धर्मोपदेशक जोसेफ फिश यांना रुचले नाही. मी तोंड आणि दार बंद करून अंधारात जाऊन बसू का, असे तिने त्यांनाच पत्रातून विचारले.

ब्रेकस तिला संत करत नाहीत. साराच्या मालकीचा बोबी नावाचा गुलाम मुलगा होता. त्याला विकायचे तिने ठरवले, तेव्हा त्याची आई फिलिस आडवी आली. फिलिस तिच्याच चर्चची सभासद होती. न्यूपोर्ट हे गुलामांच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते, आणि तिथली श्रद्धाही त्या व्यवहारात गुंतलेली होती. हे प्रकरण वाचताना मन अस्वस्थ होते. या विषयाच्या अभ्यासकाने ते टाळू नये.

तिच्या मृत्यूनंतर धर्मगुरू सॅम्युअल हॉपकिन्स यांनी १७९९ मध्ये तिचे चरित्र व निवडक उतारे छापले. हयातीत तिची एकच पुस्तिका निघाली, १७५५ मध्ये. तिच्यावर लेखिकेचे नाव नव्हते; ‘न्यू इंग्लंडमधील एक सभ्य स्त्री’ एवढाच उल्लेख होता.