एचआयव्हीची धास्ती आणि चाचणी (सोलापूर)

निरोध न वापरता शरीरसंबंध आला, किंवा वापरूनही तो फाटला, की 'आपल्याला लागण तर झाली नसेल?' ही धास्ती अनेकांच्या मनात बसते. या धास्तीचे निरसन केवळ रक्ताच्या चाचणीने होते. मात्र चाचणीच्या आधी एक वेगळी, फार थोडी मुदत असते आणि सोलापुरात, इतर ठिकाणांप्रमाणेच, ती बहुधा लाजेपोटी वाया जाते. म्हणून या नोंदीत तिला पहिले स्थान दिले आहे.

ही मुदत ७२ तासांची आहे. संबंधानंतर तेवढ्या अवधीत विषाणूरोधक औषधे सुरू करून ती २८ दिवस न चुकता घेतली, तर विषाणू शरीरात पाय रोवण्याची शक्यता खूपच कमी होते. या उपायाला 'पेप' म्हणतात. औषध जितके लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग अधिक. ७२ तास उलटल्यावर ते सहसा दिले जात नाही. त्यामुळे शनिवारी रात्रीच्या घटनेसाठी सोमवारच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट न पाहता रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन डॉक्टरांना काय घडले ते स्पष्ट सांगणे योग्य ठरते. औषध द्यायचे की नाही, हे डॉक्टर जोखीम पाहून ठरवतात. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीसाठी तर हा उपचार तातडीचाच मानला जातो.

जोखीम किती, याचे आकडे धास्तीच्या मानाने लहान आहेत. जोडीदार बाधित असून उपचार घेत नसेल, तर योनिमार्गे एकदा आलेल्या संबंधातून स्त्रीला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे ८ आणि पुरुषाला सुमारे ४ एवढी धरली जाते. गुदमार्गे संबंध स्वीकारणाऱ्यास ती सुमारे १३८ असते. गुप्तरोगाची जखम असल्यास, किंवा जोडीदाराला लागण नुकतीच झालेली असल्यास, धोका वाढतो. उलट, नियमित उपचाराने ज्याच्या रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आहे व तसाच टिकून आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. एका ताटात जेवल्याने, एकच टॉवेल वा चादर वापरल्याने, डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही.

दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी त्या संबंधाविषयी काहीच सांगत नाही. ती फक्त आधीची स्थिती दाखवते. लागण झाल्यापासून ती रक्तात दिसू लागेपर्यंतच्या अवधीला गवाक्षकाळ, म्हणजेच विंडो पिरियड म्हणतात. प्रतिपिंडांबरोबर (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिने) पी२४ प्रतिजनही (विषाणूचेच एक प्रथिन) शोधणारी, प्रयोगशाळेत शिरेतील रक्तावर होणारी चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनंतर निर्णायक मानतात. बोटातून रक्त घेऊन केलेल्या झटपट चाचणीसाठी ९० दिवस थांबावे लागते. पेप घेतले असल्यास हे दिवस औषध संपल्यापासून मोजावेत. दोन ते चार आठवड्यांत येणारा ताप, घशाची खवखव, अंगावरचे पुरळ किंवा गाठी यांवरून निदान करता येत नाही, कारण साध्या फ्लूत वा डेंग्यूतही यांपैकी बरेच काही दिसते, आणि लागण होऊनही कित्येकांना काहीच त्रास होत नाही.

सोलापुरात ही चाचणी डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या, शहरात 'सिव्हिल' म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयात विनामूल्य होते. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतही एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे, म्हणजे आयसीटीसी, असतात. पूर्व भागातील यंत्रमाग कामगार असो की पुणे–हैदराबाद महामार्गावरचा ट्रकचालक, रांगेत कोणी ओळखीचे भेटेल ही भीती मोठी असते. ती समजण्यासारखी आहे आणि तिच्यावर उपायही आहे. गावातल्याच केंद्रात जायचे असे बंधन नाही; सोलापूरकर पंढरपुरात चाचणी करू शकतो. चाचणीपूर्वी समुपदेशक एकांतात बोलतो. पहिल्या चाचणीत लागणीची खूण दिसली, तर वेगवेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या केल्या जातात. तिन्ही जुळल्याशिवाय 'पॉझिटिव्ह' म्हणत नाहीत. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, चाचणीसाठी संमती घेणे आणि निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. फोनवर विचारायचे असल्यास १०९७ हा निःशुल्क क्रमांक आहे.

गवाक्षकाळ उलटल्यावर आलेला 'निगेटिव्ह' निकाल अंतिम असतो. तरीही काहीजण महिन्यामागून महिना निरनिराळ्या लॅबमध्ये रक्त देत राहतात. अशा वेळी उपचार रक्तावर नव्हे, चिंतेवर हवा असतो आणि मानसोपचार विभागाचा रस्ता धरण्यात कमीपणा नाही. निकाल येईपर्यंत पत्नीशी वा पतीशीही निरोध वापरूनच संबंध ठेवावा, रक्तदान करू नये. तपासणीच्या निमित्ताने रक्त देणे तर फारच चुकीचे, कारण गवाक्षकाळातले रक्त पिशवीच्या तपासणीतूनही निसटू शकते.