कंट्रोल-व्ही आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही : दुवा पेस्ट करताना नेमके काय उतरते?

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हमखास एक संदेश येतो : ‘निकाल पाहण्यासाठी येथे क्लिक करा’. त्यावर कितीही वेळा बोट टेकवले तरी काही उघडत नाही. पाठवणाऱ्याने कॉपी केलेले असते, पेस्टही केलेले असते. पत्ता मात्र वाटेत गळून पडलेला असतो. असे का होते हे समजण्यासाठी पेस्ट करण्याच्या दोन पद्धतींतला फरक पाहावा लागतो.

कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या साठ्यात, बहुधा एकाच रूपात राहत नाही. वेबपानावरचे निळे शब्द कंट्रोल-सीने उचलले, की त्यांची नुसती अक्षरे वेगळी ठेवली जातात आणि रंग, आकार व शब्दांमागे दडलेला पत्ता यांसह असलेला सजवलेला मजकूर वेगळा ठेवला जातो. कंट्रोल-व्ही दाबल्यावर समोरचा प्रोग्राम यांपैकी आपल्याला पेलेल ते सर्वांत भरलेले रूप घेतो, तर कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबल्यावर, जिथे ही सोय आहे तिथे, तो फक्त अक्षरे घेतो. म्हणूनच निळे शब्द जीमेलमध्ये कंट्रोल-व्हीने उतरवले तर दुवा शाबूत राहतो आणि कंट्रोल-शिफ्ट-व्हीने उतरवले तर केवळ शब्द उरतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशाला सजवलेला मजकूर घेताच येत नाही, त्यामुळे तिथे कोणतीही कळ दाबली तरी पदरी शब्दच पडतात.

इथवर कंट्रोल-शिफ्ट-व्ही म्हणजे पत्ता घालवणारी कळ, असा समज होईल, आणि तो अपुरा ठरेल. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये अ‍ॅड्रेस बारमधला पत्ता कॉपी करून तो ईमेलमध्ये किंवा वर्डमध्ये कंट्रोल-व्हीने पेस्ट केला, तर मूळ सेटिंगनुसार पत्त्याऐवजी त्या पानाचे शीर्षक दुव्यासह उतरते. उघडा पत्ता हवा असेल तर कंट्रोल-शिफ्ट-व्हीच दाबावे लागते. म्हणजे निळ्या शब्दांच्या बाबतीत जी कळ पत्ता गमावते, तीच इथे पत्ता हाती देते. कारण साधे आहे : पहिल्या वेळी क्लिपबोर्डवरची ‘नुसती अक्षरे’ म्हणजे ‘येथे क्लिक करा’ हे शब्द असतात, तर दुसऱ्या वेळी तो पत्ताच असतो. एजची ही सोय मला स्वतःला उपद्रवीच वाटते; ती नको असणाऱ्याला सेटिंग्जमध्ये साध्या मजकुराचा पर्याय कायमचा निवडून ठेवता येतो.

तेव्हा पेस्ट कसे करायचे याआधी कॉपी कुठून केले याकडे पाहावे. उघडलेले पानच पाठवायचे असेल तर कंट्रोल-एल दाबावे. त्याने अ‍ॅड्रेस बारमधला सगळा पत्ता एकदम निवडला जातो आणि लगेच कंट्रोल-सी दाबता येते. पानावरचा एखादा दुवा पाठवायचा असेल तर त्याचे शब्द माउसने रंगवत बसू नये. दुव्यावर राइट क्लिक करून क्रोममध्ये ‘कॉपी लिंक अ‍ॅड्रेस’, तर फायरफॉक्समध्ये ‘कॉपी लिंक’ निवडावे. निकालाच्या संदेशात नेमकी हीच पायरी राहून गेलेली असते.

मराठी पत्त्यांच्या बाबतीत मात्र दोन्ही कळा सारख्याच हतबल आहेत. मराठी विकिपीडियावरील ‘पुणे’ या लेखाचा पत्ता बारमध्ये देवनागरीत दिसतो, पण क्रोममधून कॉपी करून पेस्ट केल्यावर त्या शब्दाच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक रांग उमटते. संगणकाच्या लेखी ‘पुणे’ म्हणजे प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे; प्रत्येकाला तीन बाइट (साठवणुकीची छोटी एकके) लागतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह धरून तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणून एकूण ३६ अक्षरे होतात. दुवा त्यामुळे बिघडत नाही, फक्त विद्रूप दिसतो.

वर्ड वापरणाऱ्यांची जुनी सवय येथे आड येऊ शकते. वर्डमध्ये २०२३ पर्यंत कंट्रोल-शिफ्ट-व्ही ही मजकुराची नव्हे, तर केवळ त्याच्या सजावटीची नक्कल उतरवणारी कळ होती. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ती साधा मजकूर उतरवते. कार्यालयातील जुन्या संगणकावर ती वेगळी वागली तर नवल नाही. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड येते, आणि तिथल्या अनेक प्रोग्राममध्ये साध्या मजकुरासाठी शिफ्टच्या जोडीला ऑप्शनही दाबावे लागते.

पाठवण्यापूर्वी शंका असेल, तर कंट्रोल-टीने नवा टॅब उघडून अ‍ॅड्रेस बारमध्ये पेस्ट करावे आणि एंटर दाबावे. तिथे नेहमी नुसती अक्षरेच उतरतात : पत्ता आला असेल तर पान उघडते, आणि शब्द आले असतील तर ब्राउझर ‘येथे क्लिक करा’ याचा शोध घेऊ लागतो.