एका फेरीत पन्नास चिठ्ठ्या

बडोद्यातील मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जो जाऊन आला आहे, त्याला तेथील पोलादी फडताळांचे मजले आणि त्यांच्या काचेच्या फरश्या सहसा विसरता येत नाहीत. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1910 मध्ये संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसवण्यासाठी विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि त्याच सुमारास खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या धाडणारी फिरती ग्रंथालयेही उभी राहिली. प्रत्येक वाचकाचे पुस्तक स्वतंत्रपणे खेड्यात पोहोचवायचे म्हटले असते, तर खर्च पुस्तकांवर नव्हे, खेपांवर झाला असता. पेटी भरून पाठवली की खेप एकच पडते. माहितीसाठ्याशी, म्हणजे डेटाबेसशी, बोलणाऱ्या आजच्या प्रोग्रॅमांपुढेही नेमका हाच खेपांचा हिशेब असतो आणि तो चुकला तर काय होते, याचा अनुभव मला दांडिया बाजार भागातील एका लहानशा मराठी वाचनालयाच्या देवघेवीचा प्रोग्रॅम लिहिताना आला.

त्या प्रोग्रॅममधील मुख्य पान साधे होते. बाहेर गेलेल्या पुस्तकांच्या अलीकडच्या 50 नोंदी दाखवायच्या आणि प्रत्येक नोंदीपुढे सभासदाचे नाव, पुस्तकाचे नाव व लेखकांची नावे छापायची. माझ्या लॅपटॉपवर हे पान क्षणात उघडत असे. वाचनालयाने पुढे डेटाबेस मुंबईतील भाड्याच्या सर्व्हरवर हलवला, प्रोग्रॅम मात्र बडोद्यातल्याच संगणकावर राहिला, आणि त्या दिवसापासून पान उघडताना ग्रंथपालबाईंना थांबावे लागू लागले. प्रोग्रॅममधील एकही ओळ बदललेली नव्हती आणि नोंदीही फारशा वाढलेल्या नव्हत्या.

या कोड्याचे मूळ दोन वेगळ्या विचारपद्धतींमध्ये आहे. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी 1970 मध्ये जी रिलेशनल पद्धत मांडली, तिच्यात माहिती टेबलांमध्ये राहते आणि प्रश्न नेहमी संचाविषयी विचारला जातो: ‘अमुक अट पूर्ण करणाऱ्या सर्व ओळी द्या.’ प्रोग्रॅम लिहिणारा मात्र एका वेळी एकाच वस्तूचा विचार करतो. ही नोंद, तिचा सभासद, त्या सभासदाचे नाव. या दोहोंच्या मध्ये दुभाषा म्हणून जे सॉफ्टवेअर बसते, त्याला ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, थोडक्यात ओआरएम, म्हणतात. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील हायबरनेट, पायथन या भाषेतील जँगो आणि एसक्यूएलअल्केमी ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. ओआरएम टेबलातील ओळीचे रूपांतर प्रोग्रॅमला समजणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये करते, त्यामुळे ‘नोंद, तिचा सभासद, त्याचे नाव’ असे सरळ लिहिता येते आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, दुभाषा आपणच तयार करतो.

हा दुभाषा स्वभावाने आळशी असतो, आणि ते मुद्दाम. देवघेवीची नोंद आणताना तिला जोडलेला सभासद, त्याचे कुटुंब, त्या कुटुंबाच्या जुन्या नोंदी असे सगळे ओढून आणले, तर एका नोंदीपायी अर्धे वाचनालय स्मृतीत येईल. म्हणून ओआरएम सभासदाच्या जागी फक्त त्याचा क्रमांक ठेवते आणि खरा सभासद कोणी मागितलाच तर आणू, असे म्हणून प्रश्न लांबणीवर टाकते. या पद्धतीला ‘लेझी लोडिंग’ असे नाव आहे. एखादी नोंद उघडून पाहायची असेल तेव्हा हे धोरण उत्तम चालते.

यादीत मात्र ते अंगाशी येते. 50 नोंदी आणणारी क्वेरी एक. त्यानंतर पान छापताना पहिल्या नोंदीपाशी सभासदाचे नाव हवे झाले की एक क्वेरी, पुस्तकाचे नाव हवे झाले की दुसरी, लेखकांसाठी तिसरी. मग दुसऱ्या नोंदीपाशी पुन्हा तिन्ही. एकूण 151 क्वेऱ्या. या दुखण्याला प्रोग्रॅमर ‘एन प्लस वन’ म्हणतात, कारण यादीची एक क्वेरी आणि यादीतील प्रत्येक घटकामागे आणखी एक, असा तो आकडा वाढत जातो. एकाच सभासदाने चार पुस्तके नेलेली असली, तरी जँगो त्याला चार वेळा विचारून येते, कारण प्रत्येक नोंदीचा ऑब्जेक्ट आपापली आठवण स्वतंत्र ठेवतो. हायबरनेट या बाबतीत थोडे शहाणे आहे. एकाच सत्रात, म्हणजे डेटाबेसशी चाललेल्या एका संभाषणात, एकदा आणलेला सभासद ते पुन्हा आणत नाही.

आता खेपेची किंमत पाहू. क्रमांकावरून एक ओळ शोधणे हे डेटाबेसच्या दृष्टीने अगदी किरकोळ काम आहे. खर्च होतो तो जाण्यायेण्यात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर वेगाने जातो. बडोदे ते मुंबई हे अंतर रेल्वेमार्गाने सुमारे 400 किलोमीटर आहे. तेवढी तार सरळ टाकली आहे असे मानले, तरी जाऊन येण्यास 4 मिलिसेकंद लागणारच, आणि कितीही महागडा सर्व्हर घेतला तरी त्यातला एकही मिलिसेकंद वाचणार नाही. वाटेतील उपकरणांचा वेळ धरून एक फेरी 12 मिलिसेकंदांची मानू. अशा 151 फेऱ्या एकामागून एक झाल्या की 1.8 सेकंद जातात, आणि त्यातला बहुतेक सगळा वेळ दोन्ही टोकांचे संगणक नुसते वाट पाहत बसलेले असतात. लॅपटॉपवर हे जाणवले नाही, कारण तेथे मी एसक्यूलाइट वापरत होतो. हा डेटाबेस स्वतंत्र सर्व्हर नसून प्रोग्रॅमच्या पोटातच चालतो, त्यामुळे त्याला फेरीच नसते. एसक्यूलाइटच्या दस्तऐवजांत तर अनेक छोट्या क्वेऱ्या पाठवण्यात काही वावगे नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. माझी चूक ही की घरात कपाट असताना लावलेली सवय कपाट चारशे किलोमीटरवर गेल्यावरही मी तशीच ठेवली.

पहिला उपाय सर्वांनाच सुचतो: जोडलेली टेबले एकत्र करून सारे एकाच क्वेरीत मागवावे. याला जॉइन म्हणतात. एका नोंदीला एकच सभासद असतो तेथे तो उत्तम आहे. पण पुस्तकाला 3 लेखक आणि 4 विषय असतील आणि दोन्ही एकाच जॉइनमध्ये मागितले, तर उत्तरात प्रत्येक लेखकासमोर प्रत्येक विषय येऊन 12 ओळी तयार होतात आणि पुस्तकाचे नाव बारा वेळा तारेवरून प्रवास करते. लेखक आणि विषय वेगवेगळे मागवले असते तर 3 आणि 4 मिळून 7 ओळींत काम भागले असते.

दुसरा उपाय मला अधिक रंजक वाटतो, कारण तो आळस मोडून काढत नाही, उलट थोडा वाढवतो. ग्रंथालयाच्या खिडकीवर वाचक चिठ्ठ्या देत आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक चिठ्ठी हातात पडताच फडताळाकडे धावणारा शिपाई दिवसभर दमतो. हातात 50 चिठ्ठ्या जमेपर्यंत बसून राहणारा आणि मग एकदाच आत जाणारा शिपाई लवकर मोकळा होतो. लेझी लोडिंगने प्रश्न पुढे ढकललेलाच असतो. तो आणखी क्षणभर ढकलला, तेवढ्यात त्याच जातीचे इतर प्रश्न गोळा केले आणि ‘क्रमांक 17, 42, 58 यांपैकी जे जे सभासद असतील ते सर्व द्या’ असा संचाविषयीचा एकच प्रश्न केला, की कॉड यांच्या पद्धतीला जे मुळात आवडते तेच तिच्यापुढे ठेवल्यासारखे होते.

चिठ्ठ्या कधीपर्यंत साठवायच्या, याची उत्तरे मात्र वेगवेगळ्या ग्रंथपालांनी वेगवेगळी दिली आहेत. जँगोमध्ये 2012 साली आलेली ‘प्रीफेच रिलेटेड’ ही सोय प्रोग्रॅमरकडूनच आधी वदवून घेते की या यादीबरोबर सभासदही लागणार आहेत. मग यादी आली की सर्व सभासद-क्रमांक एकत्र करून, दुबार आलेले गाळून, एकच क्वेरी जाते. हायबरनेटला काही सांगावे लागत नाही, फक्त बॅचचा, म्हणजे एका वेळी आणायच्या गटाचा, आकार ठरवून द्यावा लागतो. कोणी एका सभासदाला हात लावला की ते आपल्या सत्रात अजून न उघडलेले दुसरे सभासद किती पडले आहेत ते बघते आणि आकार 10 असेल तर आणखी नऊ जण बरोबर घेऊन येते. 50 वेगवेगळ्या सभासदांना 5 फेऱ्या. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट जगातील एनहायबरनेट या ओआरएममध्ये तर सर्वस्वी वेगळ्या जातीच्या क्वेऱ्याही ‘फ्यूचर’ म्हणून बाजूला ठेवता येतात, आणि त्यांपैकी कोणत्याही एकीचे उत्तर प्रथम लागले की डेटाबेस साथ देत असेल तर सगळ्या मिळून एकाच फेरीत जातात. फेसबुकने 2015 मध्ये खुले केलेले डेटालोडर हे छोटे साधन जावास्क्रिप्टच्या कामाच्या चक्राचा आधार घेते: हातातले काम संपून चक्र पुढे सरकेपर्यंत जितक्या मागण्या येतील तितक्यांची एक जुडी.

जुडी करून पाठवली तरी उत्तर वाटून देण्याचे काम उरतेच, आणि नवख्यांचा घात तेथेच होतो. 17, 42, 58 अशा क्रमाने मागितले म्हणून डेटाबेस त्याच क्रमाने देईल, असे मुळीच नाही; क्रम सांगितला नसेल तर तो हवा तसा देण्यास मोकळा असतो. शिवाय 42 क्रमांकाचा सभासद कोणी काढून टाकलेला असेल तर दोनच ओळी येतील. अशा वेळी उत्तरे ओळीने वाटत गेले, तर 58 चे नाव 42 च्या नोंदीपुढे बसते आणि वाचनालयात न नेलेल्या पुस्तकाचा दंड भलत्याच गृहस्थाला भरावा लागतो. म्हणून डेटालोडर प्रोग्रॅमरकडून एक अट पाळून घेते: जितके क्रमांक दिले तितकीच उत्तरे, त्याच क्रमाने, आणि जे सापडले नाही त्याच्या जागी रिकामी खूण.

साठवण्यालाही मर्यादा आहेत. ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये अशा यादीत वर्षानुवर्षे 1000 पेक्षा जास्त घटक चालत नसत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका क्वेरीला 2100 पर्यंतच मूल्ये जोडता येतात. त्यामुळे चांगले ओआरएम मोठ्या जुडीचे आपणहून तुकडे करते. वेळेचाही प्रश्न आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक क्वेरी ती सुरू होण्याच्या क्षणीची माहिती पाहते. तेव्हा यादी आणि सभासद यांच्या दोन क्वेऱ्यांच्या मधल्या क्षणात कोणी सभासदाचे नाव दुरुस्त केले तर यादी आधीची आणि नाव नंतरचे दिसेल. आमच्या वाचनालयात याने आभाळ कोसळणार नव्हते. बँकेत ते चालणार नाही, आणि तेथे दोन्ही क्वेऱ्या डेटाबेसच्या अधिक कडक व्यवहारात, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये, बांधाव्या लागतात.

आणखी एक मर्यादा कोणत्याही युक्तीने ओलांडता येत नाही. जे प्रश्न एकमेकांवर अवलंबून नाहीत तेच एका जुडीत बसतात. नोंदी आल्याशिवाय सभासद व पुस्तके यांचे क्रमांक कळत नाहीत आणि ओआरएम लेखक पुस्तकाच्या ऑब्जेक्टमार्फत शोधते, म्हणून पुस्तके आल्याशिवाय ते लेखक विचारत नाही. म्हणजे येथे पायऱ्या तीन. सभासद आणि पुस्तके एकाच पायरीवर. नोंदी 50 असोत वा 500, जुड्या नीट बांधल्या तर फेऱ्या पायऱ्यांच्या हिशेबाने पडतात, नोंदींच्या नव्हे. जँगो एकाच पायरीवरील दोन क्वेऱ्यांची मोट बांधत नाही, त्यामुळे माझ्या पानाला तीनऐवजी चार फेऱ्या लागतात. 12 मिलिसेकंदांच्या हिशेबाने 48 मिलिसेकंद. सभासदांपुरता जॉइन वापरला असता तर त्यांतलीही एक वाचली असती, पण तेवढ्यासाठी पुन्हा हात घालावा असे मला वाटले नाही.

सभासदांची छायाचित्रे मात्र मी जुडीत घेतली नाहीत. ती मोठी असतात, आणि ग्रंथपालबाई बहुतेकांना चेहऱ्याने ओळखतात. एखादा नवा सभासद खिडकीवर आला तरच त्या नावावर क्लिक करून छायाचित्र उघडतात. तेव्हा त्या एका छायाचित्रासाठी मुंबईला एक स्वतंत्र फेरी होते, आणि ती तशीच ठेवली आहे.