लॅपटॉप वायफायला जोडला जात नसल्यास : दुरुस्तीला आणण्यापूर्वी घरी करावयाची तपासणी

घरचे वायफाय लागत नाही, अशी तक्रार घेऊन आमच्याकडे येणारे बरेच लॅपटॉप दुकानातल्या वायफायला लगेच जोडले जातात. दोष घरच्या राउटरमध्ये किंवा बाहेरच्या केबलमध्ये असतो आणि ग्राहकांना मात्र सिडकोहून किंवा नाशिकरोडहून विनाकारण हेलपाटा पडतो. तो टळावा, यासाठी हे पत्रक काढले आहे.

दोष नेमका कुठे आहे, हे आधी ठरवावे. मोबाइलचा डेटा बंद करून घरच्या वायफायवर मोबाइलला नेट मिळते का, ते पाहावे. डेटा चालू राहिल्यास मोबाइल सिमवरून नेट घेतो आणि तपासणी फसते. मोबाइललाही नेट मिळाले नाही, तर लॅपटॉपला हात लावण्याचे कारण नाही. फायबरची जोडणी असलेल्या डब्यावर ‘एलओएस’ या अक्षरांजवळचा दिवा तांबडा दिसत असेल, तर सिग्नल घरापर्यंत पोहोचतच नाही. हे काम नेट पुरवणाऱ्या कंपनीचे आहे.

मोबाइलला नेट मिळत असेल, तर त्याच मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून त्याला लॅपटॉप जोडावा. तो जोडला गेला, तर लॅपटॉपचे वायफाय कार्ड, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडणारा आतला भाग, बहुधा ठीक आहे. राउटर बदलला किंवा पासवर्ड बदलला, पण वायफायचे नाव तेच ठेवले, की लॅपटॉप जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा देत राहतो. अशा वेळी यादीतील आपल्या वायफायच्या नावावर उजवे क्लिक करून ‘फरगेट’ निवडावे आणि नवा पासवर्ड टाकावा.

शेजाऱ्यांची नावे दिसतात, पण आपलेच दिसत नाही, हा प्रकार वेगळा आहे. बरेच राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर (बँडवर) चालतात. जुन्या लॅपटॉपची कार्डे अनेकदा फक्त २.४ ची असतात, त्यामुळे ५ चे नाव त्यांना दिसतच नाही. शिवाय ५ चा वेग जास्त असला, तरी तो भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाड भिंतींमागे किंवा लोखंडी कपाटाआड ठेवलेल्या राउटरकडून फार अपेक्षा ठेवू नये. अशा घरांत २.४ ची पट्टी सुरू ठेवावी आणि राउटर उघड्यावर, उंच जागी ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘कनेक्टेड’ असे दिसूनही नेट नसेल, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा इंग्रजीत टाइप करावी. वायफायच्या रकान्यात १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा क्रमांक) दिसल्यास राउटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावा आणि लॅपटॉपही ‘रीस्टार्ट’ करावा. ‘शटडाउन’ पुरेसे नाही, कारण फास्ट स्टार्टअप ही लॅपटॉप लवकर सुरू करण्याची सोय चालू असल्यास विंडोज आपली बरीच जुनी स्थिती जपून ठेवते.

हॉटस्पॉटलाही लॅपटॉप जोडला जात नसेल, किंवा एकही नाव दिसत नसेल, तर विमानाचे चित्र असलेले बटण चुकून दाबले गेले आहे का, ते पाहावे. झाकण उघडझाप करताना सिग्नल येत-जात असेल, तर मात्र वाट पाहू नये. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफायचा अँटेना पडद्याच्या चौकटीत असतो आणि त्याच्या दोन बारीक तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. बिजागरी सैल झाली, की त्या चेपल्या जाऊन तुटतात. हे काम घरी करण्यासारखे नाही.

वायफायसाठी लॅपटॉप फॉरमॅट करून घेऊ नये, ही कळकळीची विनंती आहे. त्यात आपली छायाचित्रे आणि हिशेब कायमचे जाऊ शकतात. दुरुस्तीला येताना चार्जर आणावा आणि वरीलपैकी काय करून पाहिले, ते कागदावर लिहून आणावे. घरच्या वायफायचा पासवर्ड आम्हाला सांगण्याची आवश्यकता नाही.